षट्कोनी खिरापत

समोसा हा प्रिझम नसतो. हे मी आता स्टँप पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. पण श्रावणातल्या त्या रविवारी मला ते माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नव्हतं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

कौमुदी पाचवीत आहे. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "पापा, प्रिज़्म मतलब क्या होता है?" त्या वेळी माझ्या हातात समोसा होता. हातात गरम समोसा असला की माणसाला उगाचच आपण जाणकार आहोत असं वाटायला लागतं. मी तो तिच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "हा बघ. तीन कोपरे आहेत की नाही? झाला त्रिकोणी प्रिझम. लिही." तिने लिहिलं. मी पुरावा खाऊन टाकला.

सोमवारी वर्गात ऋता मॅडमनी प्रिझमची उदाहरणं विचारली. कोणी वीट म्हणालं, कोणी तंबू म्हणालं. आमची कन्या ताठ उभी राहिली आणि म्हणाली, समोसा. मॅडमनी शांतपणे तिला फळ्याशी बोलावलं. प्रिझमची दोन टोकं अगदी सारखी असतात, समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये सरळ, सपाट भिंती असतात. तो मधून कुठेही आडवा कापला तरी तोच आकार मिळतो. तर बेटा, समोशाची दोन सारखी टोकं कुठली? समोशाला वर टोक असतं आणि खाली पोट असतं. वर्ग खदखदून हसला. आमच्याच बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावरची सोनिया तिच्या वर्गात आहे. तिने कौमुदीचं नाव 'समोसा' ठेवलं, आणि ते नाव स्कूल व्हॅनच्या आधी घरी पोचलं.

कौमुदी रडली नाही, ओरडली नाही. दप्तर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "पापा, आप मत बताया करो. मैं काका से पूछ लूँगी."

आमच्या घरात आम्ही दोघं मराठीत बोलतो आणि पोरगी हिंदीत उत्तर देते. रायपूरच्या बहुतेक मराठी घरांत हेच चालतं आणि कोणाचं काही अडत नाही. पण हे वाक्य मला फार अडलं. आजवर या पोरीने सगळं मलाच विचारलं होतं. चंद्र व्हॅनच्या मागे का पळतो, मासे झोपतात का, पालीला गुदगुल्या होतात का. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं होतं, आणि एकदाही थांबून विचार केला नव्हता. त्यातली किती उत्तरं समोशाच्या जातीची होती, हा हिशोब मी त्या रात्री केला आणि मला झोप लागेना.

काका म्हणजे तळमजल्यावरचे शालिग्राम काका. मूळचे वर्ध्याचे, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेली, आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. रोज संध्याकाळी कौमुदी वही घेऊन खाली जायची. मी गॅलरीत उभा राहून सुकलेले कपडे पुन्हा पुन्हा काढायचो. खालून काकांचा आवाज यायचा, "शाबास पोट्टे!" हे शाबास माझ्या घरातलं होतं, ते खाली वाटलं जात होतं.

मी नवा रायपूरला एका संचालनालयात आहे. नोटिंग-ड्राफ्टिंग हे माझं काम. माझी टिप्पणी वरून परत आली असं वीस वर्षांत झालेलं नाही. अशा माणसाला पाचवीचा एक धडा येऊ नये? मी रद्दीवाल्याकडून पाचवीचं जुनं पुस्तक आणून गुपचूप डब्याच्या पिशवीत घातलं आणि स्टाफ बसमध्ये जाता-येता अभ्यास सुरू केला. शेजारी बसणाऱ्या सुशीलने तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी हळूच विचारलं, "काहून, खात्याची परीक्षा लागली का?" मी म्हटलं, हो. ते खोटंही नव्हतं.

पंधरा दिवसांत मी तयार झालो. तळ ज्या आकाराचा, त्या नावाचा प्रिझम. षट्कोनी प्रिझम घ्या: वर-खाली दोन षट्कोन, सहा आयताकार भिंती, एकूण पृष्ठं आठ, कडा अठरा, कोपरे बारा. मला झोपेतून उठवून विचारा. पण विचारायला कोणी येत नव्हतं, हीच तर अडचण होती.

तेवढ्यात कोजागिरीच्या भुलाबाईची खिरापत आमच्या वाट्याला आली. विदर्भातून आलेल्या घरांनी ही भुलाबाई इथवर सोबत आणली आहे. मुली जमतात, भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्तींसमोर टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि मग खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, आणि ओळखेपर्यंत खायला मिळत नाही. न ओळखू येणारी खिरापत करणाऱ्या घराचा महिनाभर मान असतो. मागच्या वर्षी आमचा चिवडा सोनियाने डबा हातात घ्यायच्या आत ओळखला होता.

कौमुदी म्हणाली, "इस बार ऐसा कुछ हो जो कोई पहचान ही न पाए." मग जरा थांबून म्हणाली, "मैंने ऋता मैम को भी बुलाया है."

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "खिरापत प्रिझममध्ये ठेवू. षट्कोनी. मी बनवतो. पृष्ठं किती, कडा किती, यावरून पोरींनी ओळखायचं."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आमच्या खात्यात ठेकेदाराकडे पाहतात. "पक्का? मैम के सामने फिर से गड़बड़ हुई ना पापा, तो मैं स्कूल नहीं जाऊँगी."

"पक्का," मी म्हणालो.

आधी पुठ्ठा आणला. सहा सारख्या भिंती कापल्या, तळासाठी अंदाजाने षट्कोन काढला आणि चिकटवायला बसलो. पाच भिंती छान बसल्या. सहावी बाहेर राहिली. षट्कोन पुन्हा काढला, तर आता सहा भिंती बसल्या आणि मध्ये बोटभर फट राहिली. मंजिरी, म्हणजे माझी पत्नी, खोबरं किसता किसता पाहत होती. ती म्हणाली, "पाचच भिंती ठेवा नं. पंचकोनी म्हना. कोनाले काय कळते?"

गणिताच्या दृष्टीने सल्ला अगदी बरोबर होता. पण षट्कोन जाहीर झाला होता, आणि माझी प्रतिष्ठा एका बाजूने कमी करायला मी तयार नव्हतो. मी पुठ्ठा गॅलरीत फेकला आणि वरच्या मजल्यावरच्या रामकृष्ण भैयांकडे गेलो.

रामकृष्ण भैयांचा बीरगांवला पत्र्याचा कारखाना आहे. तिथे कूलरच्या बॉड्या बनतात. ऑक्टोबरात कूलर कोणी विचारत नाही, त्यामुळे कारागीर रिकामे होते आणि भैया प्रेमळ मनःस्थितीत होते. मी कागदावर आकृती काढून दिली. वर षट्कोन, खाली षट्कोन, सहा भिंती. आकृती संपूर्ण बरोबर होती, याची कृपया नोंद घ्यावी.

"हव, बन जाही," भैया म्हणाले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कितने बड़े कमरे के लिए?"

डबा कुठे ठेवणार हे ते विचारताहेत, असं मला वाटलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "हॉल चौदा बाय बारा का है." भैयांनी मान डोलावली आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं. इथे मला शंका यायला हवी होती.

कोजागिरीला मी अर्धी रजा टाकली. दुपारी गेटपाशी टेम्पो आला, आणि त्यातून दोन माणसांनी मिळून माझ्या छातीएवढा एक प्रकार उतरवला. पत्रा चकाचक होता, अठराच्या अठरा कडा सुतासारख्या सरळ होत्या, षट्कोन तर पाहत राहावा असा. पण एका भिंतीला पंख्यासाठी मोठं गोल भोक होतं, दोन भिंतींना गवत लावायच्या जाळीच्या खिडक्या होत्या, तळाशी पाणी सोडायची तोटी होती आणि खाली चार चाकं होती. वरचं झाकण रिव्हेट मारून कायमचं बंद.

मी भैयांना फोन लावला. ते खूश होते. "लड़कों का हाथ अपने आप चल गया भैया. वैसे भी बिना खिड़की का डब्बा अच्छा नहीं लगता."

चौकीदाराने गेट उघडलं नाही. त्याने शालिग्राम काकांना बोलावलं. काका रजिस्टर बगलेत घेऊन आले, प्रकाराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नरेशराव, नियम माहीत आहे नं तुमाले? नवा कूलर आनाचा तं खालच्या फ्लॅटवाल्याची संमती पाह्यजे. पानी गळते."

"काका, हा कूलर नाही."

"मंग काय आहे?"

"षट्कोनी प्रिझम."

काकांनी चष्मा वर केला. "लेखी द्या."

इथे मात्र मी माझ्या मैदानात होतो. चौकीदाराच्या स्टुलावर बसून मी अर्ज लिहिला. विषय : षट्कोणीय प्रिज़्म को भवन में लाने की अनुमति बाबत्. पहिल्या परिच्छेदात व्याख्या, दुसऱ्यात फलक आठ, किनारे अठारह, कोने बारह, तिसऱ्यात सांस्कृतिक प्रयोजन. काकांनी अर्ज वाचला आणि पेन्सिल घेऊन खरोखर मोजायला लागले. वरच्या सहा कडा, खालच्या सहा, उभ्या सहा. "अठरा. बराबर आहे," ते म्हणाले. माझा ऊर भरून आला. काकांचं शाबास आता मलाही मिळणार असं वाटलं.

"पन नरेशराव," काका म्हणाले, "कूलर बी तं प्रिझमच असते नं? चौकोनी तळाचा. ईट प्रिझम, आलमारी प्रिझम, ही आपली बिल्डिंग बी प्रिझम. प्रिझम आहे म्हून कूलर नाही, हे कुठं सिद्ध झालं?"

वीस वर्षांत माझ्या टिप्पणीत इतकं मोठं भगदाड कोणी दाखवलं नव्हतं. काकांनी अर्जावर शेरा मारला : युक्तिवाद अमान्य. सणाचा विचार करता एका संध्याकाळपुरती परवानगी. पाणी भरू नये.

प्रकार लिफ्टमध्ये मावला नाही. तो जिन्याने वर आला, आणि प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दार उघडून विचारलं की आता थंडीच्या तोंडावर कूलर का घेतला, सेलमध्ये होता का. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर पंख्याची कंपनी सुचवली. मी दोन मजले समजावून सांगितलं, तिसऱ्यापासून नुसतं "हो" म्हणत गेलो.

हॉलमध्ये तो उभा केला आणि मंजिरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता वड्या आत कशा ठेवाच्या?" झाकण उघडत नव्हतं. जाळ्यांमधून बोट जात नव्हतं. राहिलं ते पंख्याचं भोक. मंजिरीने खोबऱ्याच्या वड्यांचं ताट माझ्या हातात दिलं. मी उजवा हात आणि डोकं भोकातून आत घातलं, वाकून ताट तळाला अलगद टेकवलं आणि बाहेर यायला लागलो. आलो नाही. पंखा बसवायच्या पट्टीच्या हुकात माझ्या झब्ब्याची कॉलर अडकली होती. मागे सरकलो की गळा आवळायचा, पुढे सरकलो की कपाळ पत्र्याला लागायचं.

त्याच क्षणी दारावरची बेल वाजली.

"मंजिरी, आधी मला काढ," मी आतून म्हणालो.

"मॅडम आल्या नं!" ती कुजबुजली. "कात्री सापडून नाही राहिली. हलू नका. दोन मिनिटं." आणि माझी अब्रू वाचवण्यासाठी तिला जे सुचलं ते तिने केलं. पलंगावरची चादर ओढून आणली आणि प्रिझमवर आणि माझ्यावर मिळून टाकली.

दोन मिनिटं म्हणजे भुलाबाईची सात गाणी. मी चादरीखाली, पत्र्याच्या आत, ओणवा उभा होतो. नाकासमोर वड्यांचा वेलचीचा वास, बाहेर टिपऱ्या, आणि पाठीत चमक. माणूस अशा वेळी आयुष्याचा विचार करतो म्हणतात. मी फक्त पाठीचा केला.

गाणी संपली. कौमुदीचा आवाज आला, आनंदाने थोडा कापरा. ती मैत्रिणींना आणि मॅडमना आणायला खाली गेली होती, त्यामुळे मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं. "अब खिरापत पहचानो! क्लू देती हूँ. इसके आठ फेस हैं, अठारह एज हैं..."

"कूलर," सोनिया म्हणाली.

मग दुसरी एक बारीक पोरगी म्हणाली, "कूलर नहीं, कूलर और अंकल. पैर दिख रहे हैं."

चादर निघाली. आधी हसू सोनियाचं फुटलं, मग सगळ्यांचं. "समोसा के पापा कूलर में!" पोरी जमिनीवर लोळायच्या बाकी होत्या. मला काही दिसत नव्हतं, पण त्या हसण्यात कौमुदीचा आवाज नाही, एवढं मला कळत होतं. तेच सगळ्यात वाईट होतं. मी तिला 'पक्का' म्हटलं होतं.

ऋता मॅडमनी पोरींना गप्प केलं. मग त्या प्रिझमजवळ आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, अब अंदर हैं ही, तो बताइए, अंदर से कितने फलक दिख रहे हैं?"

बाई मला वाचवत होत्या. पाठ केलेलं उत्तर त्या मला म्हणायला लावत होत्या. मी तोंड उघडलं. आठ हा आकडा जिभेवर आला होता, समोशाच्या रविवारच्या त्याच रुबाबात. पण डोळ्यांसमोर एक भिंत होती जिला जाळीची खिडकी होती, आणि मी ज्या भिंतीत अडकलो होतो तिला भलंमोठं भोक होतं. भोक पडलेल्या भिंतीला पृष्ठ म्हणायचं की नाही? पुस्तकात असं काही नव्हतं. पुस्तकातल्या प्रिझममध्ये कोणी बाप अडकलेला नव्हता.

"मले माहीत नाही," मी म्हणालो. "कौमुदी, मले खरंच नाही माहीत." पत्र्यात ते जरा जास्तच मोठं ऐकू आलं.

बाहेर कोणी हसलं नाही. मग माझ्या बगलेखालून एक लहान हात आत आला.

"पापा, हिलना मत," कौमुदी म्हणाली. तिने चाचपडत हूक शोधला आणि कॉलर सोडवली. मी बाहेर आलो. केसांत पत्र्याचा भुगा, कपाळावर आडवी लाल रेघ. मॅडमना नमस्कार करायला हात जोडले, तर कंबर सरळ होईना, त्यामुळे नमस्कार फारच नम्र झाला. कौमुदीने पुन्हा हात घालून ताट तिरपं करून बाहेर काढलं. एक वडी उचलली. ती तोंडात घालणार तेवढ्यात थांबली.

आमच्याकडे खोबऱ्याची वडी शंकरपाळ्यासारखी तिरपी कापतात. तिने वडी उलटी केली, सुलटी केली, चारी बाजूंनी बोट फिरवलं.

"पापा, ये क्या है?"

मला वाटलं वडीत केस निघाला. पण ती मलाच विचारत होती. दोन महिन्यांनी मलाच. मी घाईघाईने उत्तर देणार होतो, गिळलं. म्हटलं, "मोजून पाहू."

"ऊपर-नीचे सेम," ती म्हणाली. "चारों दीवारें सीधी. फेस छह, एज बारह, कोने आठ." तिने मॅडमकडे पाहिलं. "मैम, ये तो प्रिज़्म है! पापा वाला बस बड़ा है."

"बिलकुल है," मॅडम म्हणाल्या.

सोनियाने आपली वडी घेतली आणि मुद्दाम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोडली. "अब बता."

कौमुदीने दोन्ही तुकडे हातात घेतले. तळ तिकोनी, वर तिकोनी, मध्ये तीन भिंती. "अब दो हो गए. दोनों त्रिकोणी प्रिज़्म."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. प्रत्येक पोरीने वडी घेतली, मोडली, मोजली, खाल्ली आणि दुसरी मागितली. एकीने चावा घेऊन विचारलं, आता? मॅडम म्हणाल्या, आता नाही. मंजिरी हळहळत होती, "इतक्या मेहनतीनं कापल्या नं!" पण तीही एक तुकडा उभा धरून कडा मोजत होती. ताट रिकामं झालं तेव्हा सोनिया शेवटचा वेडावाकडा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "कौमुदी, इसका बता ना." नावाने म्हणाली. मी ते ऐकलं आणि कपाळावर बर्फ लावायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

प्रिझम दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या देखत बिल्डिंगबाहेर गेला.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर कौमुदी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. खाली गेली नव्हती. मी हातपाय धुतले, खुर्ची ओढली, घसा साफ केला.

"आप बोलना मत," ती म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवली. "लिखो. मैं चेक करूँगी. सिलिंडर प्रिज़्म है या नहीं? कारण भी लिखना."

मी लिहिलं : नाही. दोन टोकं सारखी आहेत, पण ती गोल आहेत. कडेची भिंत सपाट नाही. खाली सवयीने 'आदेशार्थ सादर' असंही लिहिलं. तिने लाल पेन काढलं, बराच वेळ वाचलं, 'आदेशार्थ सादर'वर काट मारली आणि दहापैकी साडेसहा दिले.

"साडेसहा? उत्तर तर बरोबर आहे!"

"कारण आधा है. कल फिर से, इसी टाइम पे."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारून एक बस आधीची पकडली.